हस्तांतरापूर्वी

घर विकायचे असेल तर दोन वर्षे आधी तयारीला लागावे, असे मी सांगते तेव्हा ऐकणारे बहुधा हसतात. न्यू जर्सीत वसंत ऋतूत बाजारात आलेले बरे घर गेली काही वर्षे आठवड्याभरात जाते. शनिवार-रविवारी ‘ओपन हाउस’, सोमवारी मागितलेल्या किमतीहून अधिक बोली आणि त्याच आठवड्यात करारावर सह्या. गिऱ्हाईक दारात उभे असताना दोन वर्षे कसली तयारी करायची, हा त्यांचा प्रश्न रास्त आहे. माझे उत्तर एवढेच असते की घर विकले जाण्यास आठवडा लागतो. ते विकण्याजोगे होण्यास आणि आपण ते सोडण्यास समर्थ होण्यास किती काळ लागेल, हे बाजाराला ठाऊक नसते.

व्यवसायाने मी लेखापाल. उत्तर न्यू जर्सीतील अनेक मराठी कुटुंबांची टॅक्स रिटर्न्स मी वर्षानुवर्षे भरली. घरे घेताना आणि विकताना माणसे कशी वागतात, हे मला त्यामुळे कागदांच्या बाजूने दिसत आले. ही बाजू अपुरी आहे हे मला मान्य आहे. तथापि माणसाचा विवेक आणि त्याची टाळाटाळ ही दोन्ही जितकी स्वच्छ कागदावर उमटतात तितकी बोलण्यात उमटत नाहीत. पुढे पार्सिपनीतील आमचे स्वतःचे घर विकण्याची वेळ आली, तेव्हा इतरांना सांगितलेले सारे माझ्या दारी आले. आणि कागदांच्या बाजूने न दिसलेले बरेच काही तेव्हा दिसले.

माझ्या वडिलांनी आयुष्यात घर घेतले नाही आणि विकलेही नाही. गिरगावातील चाळीत दोन खोल्या होत्या. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने भाडे गोठले होते आणि भाडेकरूला उठवणे जवळजवळ अशक्य झाले होते. त्या खोल्या आमच्या मालकीच्या नव्हत्या, तरी त्या आमच्याकडून जाणार नाहीत ही खात्री एखाद्या मालकाला वाटावी त्याहून दृढ होती. कोकणातले घर होते ते आजोबांच्या आजोबांनी बांधलेले. भोवतीच्या जमिनीच्या सात-बारावर इतकी नावे चढली होती की विक्रीसाठी सगळ्यांच्या सह्या हव्यात, आणि सगळे एका वेळी एका ठिकाणी कधीच नसत. अशा व्यवस्थेत घर मिळते किंवा त्यावरून भांडण होते. ते विचारपूर्वक सोडण्याची वेळ क्वचित येते. आपल्याकडे भूमिपूजन आहे, वास्तुशांत आहे, गृहप्रवेशाचा मुहूर्त आहे. राहते घर परक्याच्या स्वाधीन करून निघताना करावयाचा विधी मात्र माझ्या ऐकण्यात नाही. परंपरेला त्याची गरज पडली नसावी.

अमेरिकेत ही गरज पदोपदी पडते. १९६५ च्या स्थलांतर कायद्याने भारतीयांना दार उघडले आणि त्यानंतरच्या दोन दशकांत डॉक्टर, अभियंते, शास्त्रज्ञ असलेली मराठी माणसे येथे आली. आम्ही त्या लाटेच्या शेवटच्या टोकाला, १९८० च्या दशकाच्या आरंभी आलो. १९८१ च्या ऑक्टोबरात तीस वर्षांच्या गृहकर्जाचा सरासरी दर अठरा टक्क्यांच्या वर गेला होता. दशकाच्या अखेरीस आम्ही घर घेतले तेव्हा तो दहाच्या आसपास उतरला होता, आणि तो दर आम्हाला कृपेसारखा वाटला. आज सहा-सात टक्क्यांना अन्याय म्हणणाऱ्या तरुणांशी मी वाद घालत नाही. त्यांनी २०२१ च्या जानेवारीतील २.६५ टक्के पाहिलेले आहेत. माणूस दराची तुलना आपल्या स्मरणातल्या दराशीच करणार.

घर घेण्याची आमची तयारी पैशापाशी नव्हे, प्रतिष्ठेपाशी अडली होती. कर्ज नसणे हा ज्या घरात सद्गुण मानला जाई, त्या घरातून आलेल्या माणसाला येथील बँक प्रथम विचारते की आजवर कोणाकोणाचे पैसे तुम्ही वेळेवर फेडलेत? आम्ही कोणाचे घेतलेच नाहीत, या उत्तराला तिच्या लेखी काही किंमत नसते. पुढे १९८९ पासून हा सारा इतिहास ३०० ते ८५० मधल्या एका आकड्यात मांडला जाऊ लागला. आमच्या वेळी आकड्याचे प्रस्थ नव्हते, तरी निकष तोच होता. गरज नसलेले लहानसे कर्ज घेऊन ते नेमाने फेडायचे आणि त्यातून आपण विश्वासार्ह असल्याचा पुरावा उभा करायचा, ही कल्पना माझ्या पतींना पटायला वेळ लागला. पुरावा उभा व्हायला त्याहून अधिक लागला. एखादी सवय आहे हे सिद्ध करायचे तर मध्ये काळ जावाच लागतो. पैसा उसना मिळतो, तसा काळ मिळत नाही.

ज्या तीस वर्षांच्या कर्जावर आम्ही घर घेतले, ते कर्ज आकाशातून पडलेले नव्हते. १९३० पूर्वी अमेरिकेत गृहकर्ज बहुधा पाच-दहा वर्षांचे असे, निम्मी किंमत रोख मोजावी लागे आणि मुदतीअखेर मुद्दल एकरकमी भरावे लागे. महामंदीत ही रचना कोसळली, लाखो कुटुंबांची घरे गेली. मग १९३३ साली घरमालकांच्या कर्जासाठी सरकारी महामंडळ स्थापन झाले, १९३४ च्या कायद्याने कर्जांना सरकारी विम्याचे पाठबळ मिळाले, आणि दीर्घ मुदतीचा, समान हप्त्यांचा प्रकार रुजला. सामान्य माणसाला तीस वर्षे पुढचे पाहून आज घर घेता यावे, ही तयारी त्याच्या वतीने राज्याने केली. पण त्याच महामंडळाच्या नकाशांवर कृष्णवर्णीयांच्या वस्त्या लाल रंगाने रंगवल्या गेल्या आणि तेथे कर्ज देणे धोक्याचे ठरवले गेले. वंश किंवा धर्म पाहून घर नाकारणे बेकायदा ठरवणारा संघीय कायदा झाला तो ११ एप्रिल १९६८ रोजी, मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर अवघ्या आठवड्याभरात. आमच्या आगमनाला तेव्हा फार वर्षे उरली नव्हती. आम्ही ज्या रस्त्यावर विनासायास राहायला गेलो, त्या विनासायासपणाची किंमत दुसऱ्या कोणी तरी मोजली होती.

पूर्वतयारीचे गुणगान करताना मला वैष्णोदास बगाई यांचे स्मरण होते आणि बोलणे थोडे सावध होते. पेशावरचे हे सधन गृहस्थ १९१५ साली पत्नी कलाबाई आणि तीन मुलांसह सॅन फ्रान्सिस्कोत आले. जवळ पैसा होता, इंग्रजी उत्तम होते, व्यापाराची दृष्टी होती. त्यांनी दुकान घातले आणि १९२१ साली अमेरिकन नागरिकत्व मिळवले. बर्कलीत त्यांनी घर घेतले. सामान घेऊन कुटुंब तेथे पोहोचले तेव्हा शेजाऱ्यांनी त्यांना आत जाता येऊ नये म्हणून घराला कुलपे लावलेली होती. कलाबाईंनी अशा शेजारात मुलांना वाढवण्यास नकार दिला. पुढे १९२३ साली भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की भारतीय माणूस कायद्याच्या अर्थाने गोरा नाही, म्हणून तो नागरिक होण्यास अपात्र. बगाईंचे नागरिकत्व काढून घेण्यात आले. नागरिक होण्यास अपात्र असलेल्या परकीयांना जमीन बाळगण्यास मनाई करणारा कॅलिफोर्नियाचा १९१३ चा कायदा मग त्यांना लागू झाला आणि मालमत्ता हातची गेली. स्वदेशी जाऊन यावे म्हटले तर अमेरिकन पारपत्रही मिळेना. १९२८ साली त्यांनी आत्महत्या केली. बर्कली शहराने अलीकडे एका रस्त्याला कलाबाईंचे नाव दिले आहे.

या माणसाच्या तयारीत काय उणे होते? धन, शिक्षण, नागरिकत्व, दूरदृष्टी, सारे होते. ज्या जमिनीवर तयारी उभी होती तीच काढून घेण्यात आली. म्हणून ज्यांची घरे घाईने, तोट्यात किंवा अश्रूंत गेली त्यांना ‘आधी विचार करायला हवा होता’ असे मी सहसा म्हणत नाही. व्यक्तीची तयारी ही न्याय्य व्यवस्थेत राहणाऱ्या माणसाची सवलत आहे. मात्र ज्याला ती सवलत मिळाली आहे, त्याने ती वाया घालवणे मला क्षम्य वाटत नाही. निर्णय आपल्या स्वाधीन असेपर्यंत तो घेणे, मी तयारी म्हणते ती एवढीच. एकदा मुदत दुसऱ्या कोणी ठरवली, मग ते न्यायालय असो, आजार असो वा मृत्यू, की उरते ती धावपळ.

आमच्या परिचयातील एका गृहस्थांचे अकस्मात निधन झाले. घराचे सर्व व्यवहार त्यांच्याकडे होते. पत्नीला बँकेचे नाव माहीत होते, खात्याचा पासवर्ड माहीत नव्हता. येथील कर-कायद्यात १९९७ पासून एक उदार तरतूद आहे. विक्रीपूर्वीच्या पाच वर्षांपैकी दोन वर्षे घर आपल्या मालकीचे आणि आपल्या राहण्यात असेल, तर एकट्याला अडीच लाख आणि दांपत्याला पाच लाख डॉलरपर्यंतच्या नफ्यावर कर नाही. जोडीदार गेल्यावर मागे राहिलेल्याला पाच लाखांची ती सवलत मिळते, पण घर मृत्यूपासून दोन वर्षांच्या आत विकले तरच. तीस-पस्तीस वर्षांपूर्वी घेतलेल्या न्यू जर्सीतील घराच्या बाबतीत हा फरक मोठा असतो. कारण सवलतीची मर्यादा १९९७ पासून जेथल्या तेथे आहे आणि किमती कुठल्या कुठे गेल्या आहेत. त्या बाईंना पहिले वर्ष कोणताही निर्णय घ्यायचा नव्हता, आणि तसे वाटणे सर्वथा योग्य होते. दुसऱ्या वर्षी त्या माझ्याकडे आल्या तेव्हा दिनदर्शिका समोर ठेवून बोलावे लागले. नवे छप्पर, नवे स्वयंपाकघर, मध्यवर्ती वातानुकूलन यांवरचा खर्च घराच्या मूळ किमतीत मिळवता येतो आणि तेवढा नफा कमी धरला जातो. रंगकाम किंवा गळक्या नळाची दुरुस्ती तशी धरता येत नाही. छपराची पावती असणार हे त्यांना ठाऊक होते. कुठे असणार, हे सांगणारे माणूस राहिले नव्हते.

त्या संध्याकाळी घरी आल्यावर मी माझ्या पतींसमोर आमची फाइल उघडून ठेवली. विकण्याचा विषय तोवर निघालेला नव्हता. कोणता कागद कुठे आहे, हे दोघांनाही माहीत असले पाहिजे, एवढेच मी म्हणाले. संसारातील हे संभाषण माणसे इतके का टाळतात याचा मी पुष्कळ विचार केला आहे. मृत्यूचा उल्लेख अशुभ वाटतो, हे वरवरचे कारण. खरे कारण असे असावे की जो सगळे सांभाळतो त्याला आपल्यावाचून चालणार नाही ही भावना प्रिय असते, आणि ज्याच्यासाठी सांभाळले जाते त्याला निश्चिंतपणा प्रिय असतो. दोघांचाही स्वार्थ मौनात असतो.

कागदांनंतर घराच्या देहाकडे वळावे लागले. आमचे घर १९६० च्या दशकातले. १९७८ साली घरगुती रंगात शिसे वापरण्यास बंदी आली. त्यापूर्वीच्या घराच्या विक्रेत्याला शिशाविषयी ठाऊक असलेले सारे खरेदीदारास लेखी कळवावे लागते. न्यू जर्सीतील जुन्या घरांचे आणखी एक दुखणे म्हणजे अंगणात पुरलेली तेलाची टाकी. पूर्वी घरे इंधन-तेलावर तापवत. मग वायूची जोडणी आली आणि टाक्या जमिनीतच राहिल्या. काही वाळूने भरून बंद केल्या गेल्या, काही तशाच विस्मृतीत गेल्या. टाकी गळली असेल तर माती उपसण्याचा खर्च हजारो डॉलरच्या घरात जातो आणि तो पुष्कळदा विम्यात बसत नाही. म्हणून आता शहाणा खरेदीदार यंत्र फिरवून अंगण तपासून घेतो. आम्ही विक्रीआधीच ते तपासले. गुलाबाच्या वाफ्याखाली टाकी निघाली. आमच्या आधीच्या कोणी तरी वाळूने भरलेली, पण नगरपालिकेच्या दप्तरी त्याची नोंद नाही. परवाना, खोदाई, मातीची तपासणी, निरीक्षकाची भेट, अंतिम दाखला, या साऱ्यात कित्येक महिने गेले. माती शुद्ध निघाली. हेच करार झाल्यावर निघाले असते तर खरेदीदाराला संशयाचा पूर्ण अधिकार होता.

तळघरातील रेडॉन हा याहून सूक्ष्म विषय. जमिनीतील युरेनियमपासून निर्माण होणारा हा किरणोत्सारी वायू दिसत नाही, त्याला वास नाही. धूम्रपानाखालोखाल फुप्फुसाच्या कर्करोगाचे ते कारण मानले जाते. घरांतून तो इतका साचू शकतो हे अमेरिकेला कळले ते विलक्षण रीतीने. १९८४ च्या डिसेंबरात पेनसिल्व्हेनियातील लिमरिक येथील नव्या अणुवीज केंद्रात काम करणारे स्टॅनली वॉट्रस हे अभियंते कामावर आले की किरणोत्साराची धोक्याची घंटा वाजू लागे. प्रारंभी दोष केंद्राला दिला गेला. मग ध्यानात आले की किरणोत्सार ते घरून घेऊन येत होते. त्यांच्या घरातील रेडॉनची पातळी कल्पनेपलीकडची निघाली. ज्या खडकाच्या पट्ट्यावर ते घर होते तो पट्टा पुढे उत्तर न्यू जर्सीतून जातो. पर्यावरण संरक्षण संस्थेने ठरवलेली मर्यादा लिटरमागे चार पिकोक्युरी. आमचे तळघर या मर्यादेच्या थोडे वर निघाले. नळी आणि पंखा बसवल्यावर ते बरेच खाली आले.

वाचकांच्या मनात येथे जो प्रश्न येईल तो माझ्याही मनात आला. ज्या तळघरात मुलांनी अभ्यास केला, गणपतीची आरास झाली, नाटकाच्या तालमी झाल्या, त्याची हवा आम्ही तपासली ती ते परक्याला देण्याच्या वेळी. यात केवळ निष्काळजीपणा आहे असे मी म्हणणार नाही. राहणारा माणूस घराशी जुळवून घेत जातो. न उघडणारी खिडकी तो उघडायचीच सोडून देतो आणि काही वर्षांत तेथे भिंत आहे असे समजू लागतो. परका माणूस जुळवून घेत नाही, म्हणून त्याला घर जसे आहे तसे दिसते. वर्षातून एकदा तरी स्वतःचे घर खरेदीदाराच्या दृष्टीने पाहावे, असे मी आता आग्रहाने सांगते. याला अध्यात्माची भाषा लावण्याची गरज नाही. छपराकडे वर पाहणे आणि तळघरात वाकून पाहणे पुरेसे आहे.

सर्वांत कठीण तयारी घराचे आपलेपण पुसण्याची असते. एजंटबाई सौजन्यमूर्ती होत्या. त्यांनी सुचवले की कौटुंबिक छायाचित्रे काढावीत, देवघर बंद करावे किंवा हलवावे, आणि घर दाखवण्याच्या काळात फोडणी टाळावी. येणाऱ्याला स्वतःचा संसार तेथे कल्पिता यावा, हा त्यामागचा हेतू. कारण मला कळत होते. तरी ज्या घराने आमचे वेगळेपण इतकी वर्षे सांभाळले, त्याची किंमत ते वेगळेपण लपवल्यावर वाढते, हा हिशेब सरळ मनाने मान्य होईना. पुढे घर पाहण्यास आलेल्यांपैकी निम्मे तरी भारतीय होते, आणि त्यांतील एका आजीबाईंनी प्रथम विचारले ते पूर्व कोणती आणि देवघर कुठे होते हेच. रिकाम्या कोनाड्याकडे बोट दाखवताना मला हसू आवरले नाही. दुसऱ्या एका कुटुंबाने, आम्हाला हे घर का हवे, अशा आशयाचे भावपूर्ण पत्र बोलीसोबत पाठवले होते. एजंटबाईंनी ते मला दाखवण्यास नम्र नकार दिला. अशा पत्रातून धर्म, वंश, कुटुंबाची रचना कळते आणि विक्रेत्याचा कल नकळत आपल्यासारख्यांकडे झुकतो. ऑरेगॉन राज्याने तर अशा पत्रांवर बंदी घालणारा कायदाही केला होता, जो २०२२ साली न्यायालयाने रोखला. मला पत्र वाचायला आवडले असते. न वाचलेले बरे, हेही बगाईंची हकीकत माहीत असल्यामुळे कळत होते.

सामानाविषयी विस्ताराने लिहीत नाही. प्रत्येकाचे दुःख त्यात सारखेच असते. एका गोष्टीचा मात्र उल्लेख करते. लग्नात आलेली, नावे आणि तारखा कोरलेली स्टीलची भांडी आम्ही मुंबईहून आणली होती. ज्यांची नावे त्यावर होती त्यांतील बहुतेक आता नाहीत. मुलीने एक पातेले आपणहून मागून घेतले. बाकीची आम्ही येथील मराठी मंडळाच्या गणेशोत्सवातील स्वयंपाकासाठी दिली. आत्याबाईंच्या नावाच्या पातेल्यात आता दोनशे माणसांची आमटी ढवळली जात नसली तरी खोबरे-कोथिंबीर काढून ठेवली जाते.

पुण्यातील फ्लॅटचा प्रश्न अनेकांप्रमाणे आमच्यापुढेही आहे, आणि तो आम्ही अजून सोडवलेला नाही. परत जाऊ या आशेने घेतलेली ही घरे बहुधा बंद असतात. अनिवासी माणसाने ती विकायची तर खरेदीदाराला मोठी करकपात करावी लागते. ती कमी व्हावी म्हणून आयकर खात्याकडून आधीच दाखला घ्यावा लागतो. येथून कुलमुखत्यारपत्र द्यायचे तर नोटरी, मग अपोस्टिल, मग तेथे मुद्रांक. सोसायटीच्या अर्जात नाव लावले म्हणजे वारसा ठरला, ही समजूत चुकीची आहे. नामनिर्देशित व्यक्ती ही वारसांच्या वतीने मालमत्ता सांभाळणारी असते, हे मी मंडळाच्या सभांतून सांगत आले आहे. कागदांचे हे सारे मला पाठ आहे. परतीची आशा केव्हा सोडायची, याचा कागद मात्र कोणतेही खाते देत नाही.

आता आम्ही पंचावन्न वर्षांवरील रहिवाशांच्या एका वसाहतीत लहान घरात राहतो. गेल्या वर्षी एक तरुण जोडपे सल्ल्यासाठी आले. नवरा एच-वन-बी व्हिसावर, हरितपत्राचा अर्ज मंजूर. पण एका देशाला वर्षाकाठी सात टक्क्यांहून अधिक हरितपत्रे नाहीत या नियमामुळे रांगेचा अंत दिसत नाही. नोकरी गेली तर नवी शोधण्यास अथवा देश सोडण्यास साठ दिवस. मुलगी आठ वर्षांची, नाशिकला जन्मलेली. एकविसाव्या वर्षी ती आईबापांच्या अर्जातून बाहेर पडेल. घर घ्यावे का, असा त्यांचा प्रश्न होता. आपल्या एजंटसोबत घर आतून पाहायचे तर आता आधी त्याच्याशी लेखी करार करावा लागतो, हा २०२४ च्या ऑगस्टपासूनचा नियम त्यांना नुकताच कळला होता आणि त्याने ते गोंधळले होते.

मी त्यांना विकण्यापासून आरंभ करायला सांगितले. सात टक्के दराच्या तीस वर्षांच्या कर्जात पहिल्या पाच वर्षांत मुद्दल फिटते ते जेमतेम सहा टक्के, आणि विकताना एजंट, वकील व हस्तांतर-शुल्क यांत साधारण तेवढेच जाते. म्हणजे भाव वाढले नाहीत तर पाच वर्षे घरात राहूनही तुम्ही निघता ते आलात तसेच. मग साठ दिवसांत विकता किंवा भाड्याने देता येईल असे घर कोणते, तोवरचे हप्ते कोठून द्यायचे, आणि तुम्ही तेथे नसताना सही कोण करील, या तीन प्रश्नांची उत्तरे लिहून आणा, मग बोलू, असे मी म्हणाले. बोलणे कठोर झाले असावे. बगाईंइतके निराधार हे जोडपे नाही. कायदा आज त्यांच्या बाजूने पुष्कळ आहे. पण त्यांच्या पायाखालची जमीनही कोणाच्या तरी सहीवर अवलंबून आहे, आणि ते त्यांना माझ्याहून अधिक ठाऊक होते. मुलीच्या आईने विचारले, “काकू, मग इथे कशालाच आपले म्हणायचे नाही का?” मी तिला सांगितले की आम्ही त्या घराला इतकी वर्षे आपलेच म्हटले, आणि आज त्याच्या दारावर दुसऱ्यांचे नाव आहे, तरी म्हणताना ते खोटे नव्हते.

त्यांनी अजून घर घेतलेले नाही. पतनोंदी ठेवणाऱ्या तिन्ही संस्थांकडचे पतअहवाल मागवून त्यांतील एक चूक दुरुस्त करून घेतली आहे, सहा महिन्यांच्या हप्त्यांइतकी रक्कम वेगळ्या खात्यात जमते आहे, आणि मुलीची शाळा बदलू नये म्हणून त्याच शाळेच्या हद्दीत ते भाड्याने राहिले आहेत. नाशिकहून नवऱ्याची आई दर रविवारी फोनवर विचारते, घराचे कुठवर आले? कागद चालू आहेत, असे तो सांगतो. तिला ते टाळल्यासारखे वाटते. मी ते कागद पाहिलेले आहेत.